जहाजावरच्या जेवणाची तालीम

जेवायला बसताना माणूस काय नेसतो, त्यावर त्याच्या सात पिढ्यांची परीक्षा होते, असं आमचे आप्पा म्हणत. हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे उच्चारत की नवखा माणूस ऐकताना नकळत सावरून बसे. आम्ही ते रोजच ऐकत होतो, आणि ऐकताना आमच्या डोळ्यांपुढं जे असे ते असं : आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, कमरेला गुडघ्यापर्यंत पोचेल न पोचेल असा पंचा, आणि उघड्या पोटावर सुताचे तुसे चिकटलेले. सात पिढ्या त्या खड्ड्यातच पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांची परीक्षा कुणी घेतल्याचं मला तरी माहीत नाही.

परीक्षा सणावारी असे, आणि परीक्षक आप्पा असत. शहापुरातल्या आमच्या बोळात दोन्ही अंगांना विणकरांची घरं होती. सकाळ झाली की एकेका घरातून मागावर फिरणाऱ्या धोट्याचा खटक-खटक आवाज सुरू होई आणि दिवे लागेपर्यंत तो कुणाच्या कानावर पडत नसे, कारण तो कायमच चालू असे. सणाच्या दिवशी तो थांबे आणि एकदम कानात दडे बसल्यासारखं वाटे. त्या शांततेत घरातले पुरुष आंघोळ करून रेशमी कद नेसत आणि पाटावर येऊन बसत. कद नसलेल्याला पहिल्या पंगतीत पाट नाही, हा आमच्या घरचा कायदा. एका नवरात्रात कचेरीतले एक कारकून, आप्पांचे चांगले स्नेही, कोट-पाटलोण घालून जेवायला आले. आप्पांनी त्यांना मोठ्या प्रेमानं बाहेरच्या सोप्यात बसवलं, तिथंच पान वाढायला लावलं, आणि मधलं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. गृहस्थाला एकटं वाटू नये, आमची पंगत दिसत राहावी, ही त्यामागची आपुलकी. कारकून पुन्हा कधी आले नाहीत. आप्पा म्हणाले, त्यांची बदली झाली असावी.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, कॉलेजात रसायनशास्त्र शिकून आला होता, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती : लाल रंग. आमच्या लुगड्यांचा काठ लाल, आणि तो लाल पहिल्याच धुण्यात लुगडंभर फिरायचा. गिऱ्हाइकं लुगडी परत आणून आईच्या पुढ्यात टाकत. विलायतेत रंगाईचं रीतसर शिक्षण देणारी शाळा होती, अण्णाला तिथं जागा मिळाली होती, आजोळच्या मंडळींनी पैशाची सोय केली होती, जहाजाचं तिकीटही निघालं होतं. आता अडायला काही कारण नव्हतं. आणि तेवढ्यात आप्पा निपाणीच्या बाजाराला गेले.

निपाणीला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर बसायचा त्यांचा रिवाज होता. त्या पेढीवर कुठलीही गोष्ट सलग ऐकता येत नसे, कारण तंबाखूच्या धुरळ्यानं सांगणारा आणि ऐकणारा दोघंही शिंकत असत. तिथं त्यांना जी हकिगत कळली ती त्यांनी घरी येऊन शिंका वगळून सांगितली. त्या व्यापाऱ्याचा पुतण्या आदल्या वर्षी विलायतेला गेला होता. पहिल्या संध्याकाळी तो जहाजाच्या जेवणघराकडं निघाला तो धोतर, लांब कोट आणि जरीचा रुमाल अशा पोशाखात. लग्नाला जाताना माणूस जसा जाईल तसा. दारात एक पांढऱ्या डगल्यातला माणूस उभा होता. त्यानं हसून, कमरेत वाकून सांगितलं की संध्याकाळी इथं काळा सूट, कडक पांढरा शर्ट आणि गळ्याला काळी फीत लागते, तेव्हा साहेबांनी कृपा करून परत जावं. साहेब परत गेले. उरलेला सगळा समुद्र त्या पोरानं आपल्या खोलीत बसून, आईनं दिलेल्या लाडवांवर आणि बिस्किटांवर काढला.

आम्हा सगळ्यांना हे ऐकून धक्काच बसला. तिकिटात जेवण धरलेलं, अन्न शिजलेलं, आणि अंगावर चांगले स्वच्छ कपडे असताना माणसाला पानावरून उठवायचं, नव्हे, पानापर्यंत पोचूच द्यायचं नाही? आईनं दोनदा विचारलं, "उपाशी ठेवलं?" तिला ते पटतच नव्हतं. सगळ्यांत जास्त हादरले होते आप्पा. ते रात्रभर कूस बदलत होते, असं आई सकाळी म्हणाली. आमच्या सोप्यात बसून जेवलेल्या कारकुनाची आठवण त्या दिवशी घरात कुणालाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी अण्णाला मागाजवळ बोलावलं. "दत्तू, उपाशी ऱ्हायलास तर चालंल रं," ते म्हणाले. "खरं दारातनं माघारी फिरलेलं चालायचं न्हाय. त्या टेबलावर तू बसलास की कुणाची जीभ हालता कामा न्हाय. आधी मला बसून दाखीव, मग जा. न्हायतर तिकीट परत, आणि ह्यो माग तुझा."

अण्णानं मागाकडं पाहिलं. तो माग त्याला किती नको होता हे मला माहीत होतं. तो मला रात्री अभ्यासाला बसवायचा तेव्हा पुस्तकाच्या समासात रंगांची सूत्रं लिहायचा आणि सांगायचा, शकू, हा लाल एकदा बसला की मरेपर्यंत जाणार नाही. तो फक्त "बरं" म्हणाला.

पण टेबलावर बसायचं कसं हे शहापुरात कुणाला ठाऊक असणार? शेवटी कॅम्पातून इनासला बोलावलं. इनास मूळचा गोव्याकडचा. बरीच वर्षं जहाजांवर वाढप्याचं काम करून आता बेळगावच्या कॅम्पात राहायचा आणि फौजेतल्या साहेबांच्या मेजवान्या सांभाळायचा. पितळी बटणांचा पांढरा डगला घालून तो आमच्या बोळात शिरला तेव्हा चार घरचे माग थांबले. मी त्याआधी आणि त्यानंतर बरेच थोर लोक पाहिले, एक-दोन संस्थानिकही लांबून पाहिले, पण इनासइतका रुबाब कुणात दिसला नाही. जहाजावर कॅप्टनच्या टेबलाला कोण बसतं, त्याच्या शेजारच्या टेबलाला कोण, खांबाआड कोण आणि स्वयंपाकघराच्या दाराशी कोण, हे तो असं सांगायचा की जणू ती देवांची उतरंड आहे आणि ती त्यानंच लावली आहे. चुकीचा कोट घालून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला आपण कसं परत पाठवलं हे सांगताना त्याचे डोळे ओले व्हायचे. मला आधी वाटलं, त्या माणसाची दया येऊन.

तालीम सुरू झाली. आमच्याकडं टेबल नव्हतं, म्हणून दोन पेट्यांवर फळ्या टाकून त्यावर पांढरं लुगडं पसरलं. काटे, सुऱ्या, चमचे इनासनं आणले, आणि ते पानाच्या दोन्ही अंगांना असे मांडले की आई म्हणाली, हा जेवायला बसणार आहे की हजामतीला? माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. ती भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून दिवसभर ही करमणूक पाहायची. सूप चमच्यानं स्वतःपासून लांब ढकलत घ्यायचं, असं इनासनं दाखवलं. आक्का म्हणाली, "आधी लांब न्यायचं, मग परत तोंडाकडं आणायचं. मग न्यायचं कशाला गं?" मांडीवर रुमाल पसरायचा हे ऐकून आई दुखावली. अन्न सांडणार हे आधीच धरून बसायचं, हा तिला वाढणाऱ्या बाईचा अपमान वाटला.

जेवण अर्थात आईचं. इनासनं सांगितलेल्या क्रमानं ती वाढायची, पण तिच्या हातचं जे होईल ते. सूप म्हणजे आमसुलाचं सार. मासे म्हणजे वांग्याचे तळलेले काप. भाजलेलं मांस म्हणजे सुरण. इनास वांग्याच्या कापाकडं बोट करून शांतपणे म्हणायचा, "सर, माशाचा काटा इथं काढायचा," आणि अण्णा वांग्यातून नसलेला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवायचा. ढेकर द्यायची नाही, या नियमाला सगळ्यांत जास्त दिवस लागले. आमच्याकडं ढेकर आली नाही तर आई विचारायची, मीठ कमी झालं का?

इथं थोडं आजचं सांगते. माझ्या पुतणीची मुलगी गेल्या साली परदेशी जहाजावर नुसतंच हिंडायला म्हणून जाऊन आली. कुठं पोचायचं नसताना लोक जहाजात बसतात हे मला नवीन होतं. तिनं सांगितलं, तिथं अजूनही दोन संध्याकाळी नटून यावं लागतं, आणि जे नटत नाहीत त्यांनी वरच्या मजल्यावर पोहण्याच्या तलावाशेजारी खायचं. ती हे मोठ्या कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, आणि कुणी वरच्या मजल्यावर गेलं? ती म्हणाली, गेले ना काही लोक, पण ते तसलेच होते. ही मुलगी एरवी मोर्चाबिर्चांना जाते.

तर पोशाख. इनासनं वर्णन केलं, कॅम्पातल्या टेलर मास्तरांनी कबूल केलं, आणि कापड कुठलं घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा आप्पा जवळजवळ रागावले. विणकराचं पोर दुसऱ्याच्या गिरणीचं कापड घालून दर्यापार जाणार? त्यांनी स्वतः काळं रेशीम मागावर चढवलं. इतकं घट्ट आणि सारखं कापड त्यांनी त्यापूर्वी कधी विणलं नसेल. पण त्याला काठ घातला. बोटभर रुंदीचा, लाल, दोन्ही कडांना पिवळी रेघ. काठाशिवाय कापड आमच्या मागावरून उतरत नसे. बिनकाठाचं कापड एकाच कामासाठी लागे, आणि ते माणसाला शेवटचं पांघरायला. ते विणायचं असलं की आप्पा त्या दिवशी जेवत नसत आणि धोटा धुऊन घेत. तेव्हा पोराला बिनकाठाचं, तेही काळं, घालून पाठवायचं हे बोलायचीसुद्धा सोय नव्हती.

टेलर मास्तर कापड बघून आधी हरखले आणि काठ बघून गप्प झाले. मग त्यांनीच तोड काढली. अशा सुटाच्या पाटलोणीला बाहेरच्या शिवणीवर कमरेपासून घोट्यापर्यंत एक रेशमी पट्टी असते, हे त्यांना साहेबांचे कपडे शिवून ठाऊक होतं. तिथं काठ बसवू, म्हणाले. आप्पा इतके खूश झाले की विलायती लोकांबद्दल ते प्रथमच बरं बोलले. काठ त्यांनाही लागतो म्हणजे माणसं अगदीच वाया गेलेली नाहीत, असं त्यांचं मत पडलं. शर्टाच्या छातीला कांजी कडक हवी, असं इनासनं बजावलं होतं. आईनं सुताला द्यायची खळ शर्टाला दिली. तो शर्ट भिंतीला टेकवला तर उभा राहायचा. इनासनं त्यावर नखानं टकटक केलं आणि पहिल्यांदा आमच्या घराबद्दल आदर दाखवला.

परीक्षेच्या संध्याकाळी माग लवकर थांबवले. माजघरात फळ्यांचं टेबल, मधोमध दिवा. आप्पा अंगात लांब कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून भिंतीशी बाकावर बसले होते. आई चुलीशी, मी आणि आक्का तिच्या मागं दारात. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या उंबऱ्याशी इनास ताठ उभा. जहाजावर तो असाच उभा राहत असे, आणि उभा राहिला की तो आमच्या घरात नसे.

अण्णा माडीवरून उतरला. खरं सांगते, मी त्याला ओळखलं नाही. काळ्या रेशमात तो उंच दिसत होता, खळीनं मान आपोआप ताठ झाली होती, आणि चालताना दोन्ही पायांवर आमचा लाल काठ दिव्याच्या उजेडात हालत होता. आक्कानं माझा हात दाबला. आप्पा काठाकडं बघत होते. विणणारा माणूस आधी तेच बघतो.

इनास हसला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "माफ करा, सर. या पोशाखात आत सोडता येत नाही."

अण्णाला वाटलं हाही परीक्षेचाच भाग. तोही हसला. इनास तसाच वाकलेला राहिला. "लाल पट्टी बँडवाल्यांना असते, सर. बँडवाल्यांचं जेवण खालच्या मजल्यावर."

आप्पांनी विचारलं, "काय म्हंतोय त्यो?"

इनास शुद्ध मराठीतच बोलला होता, आप्पांना ऐकूही आलं होतं. शेवटी आक्काच म्हणाली, "अण्णाला बँडवाला म्हंतोय, आप्पा."

"काठ हाय म्हणून?"

"व्हय, शेट," इनास म्हणाला. आता तो सरळ उभा होता. "काळ्यावर काळीच पट्टी. दुसरा रंग चालत नाही."

"घरचंच हाय म्हणून सोड की."

"इथं सोडतो, शेट. तिथं कोण सोडणार?"

आता आप्पा या माणसाला त्याच्या काट्या-चमच्यांसकट बोळात फेकणार, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. आप्पांच्या विणीला नाव ठेवणाऱ्या एका दुकानदाराशी त्यांनी आयुष्यभर व्यवहार तोडला होता. अण्णालाही तेच वाटलं असावं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आप्पा. मी जात न्हाय. उद्यापास्नं मागावर बसतो." आणि गळ्याची फीत सोडायला त्यानं हात वर नेला.

आप्पा उठले. मागाच्या खोलीत गेले आणि धागे कातरायची बारीक कातर घेऊन आले. डोक्याचा रुमाल उतरवून बाकावर ठेवला. मग अण्णासमोर जमिनीवर मांडी घातली, त्याचा उजवा पाय हातानं थोडा पुढं ओढला आणि घोट्यापासून काठाची शिवण उसवायला लागले.

मला आजही ते सहन होत नाही. आमच्याकडं पोरानं बापाचे पाय धरायचे. बाप पोराच्या पायाशी बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, कुणी पाहिला असेल असंही वाटत नाही. अण्णानं पाय मागं घ्यायला पाहिलं. "हालू नगोस रं," आप्पा म्हणाले, "कापडाला कातर लागंल." चुलीपासून आई उठून आली. "अहो, बिनकाठाचं घालून..." एवढंच तिला म्हणता आलं. पुढचा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नसता. आप्पांनी वर पाहिलं नाही. ते म्हणाले, "मी इणलंय, मीच काढतोय. त्याला काय हुईत न्हाय."

अण्णाची मान खाली जायला लागली. तेव्हा इनास हळूच, पण अगदी स्पष्ट म्हणाला, "खाली बघू नका, सर. फीत वाकडी होते."

आणि अण्णा वर आढ्याकडं बघत राहिला. कातरीचा आवाज येत होता, एकेक टाका तुटल्याचा. एक पाय झाला, आप्पा बसल्या बसल्या सरकले, दुसरा पाय झाला. उसवलेला काठ त्यांनी सवयीनं चार बोटांभोवती गुंडाळला, लड कमरेला खोचली, आणि उठायला जमिनीवर हात टेकला. त्यांना हात द्यायला अण्णा वाकला नाही, कारण इनास बघत होता. ते आपले आपण उठले, रुमाल डोक्याला घातला आणि बाकावर बसले. "आता?" त्यांनी विचारलं.

इनासनं अण्णाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "गुड ईव्हिनिंग, सर. आपली खुर्ची या बाजूला."

अण्णा जेवला. सार लांब ढकलत घेतलं, वांग्यातला काटा काढला, सुरण डाव्या हातातल्या काट्यानं खाल्लं. शेवटी गोड म्हणून आईनं मांडे केले होते. घरच्या पोराला दूर धाडायचं तर बेळगावात दुसरं काय करणार? मांडा कागदासारखा पातळ. सुरी लावताच त्याचा चुरा झाला आणि पिठीसाखर काळ्या रेशमावर सांडली. इनासच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. मांड्याविषयी जहाजावर नियम नव्हता. अण्णानं मांडीवरचा रुमाल उचलून साखर टिपली, जणू हे रोजचंच आहे, आणि चुरा चमच्यानं संपवला.

आप्पांनी इनासला विचारलं, "ढेकर दिली त्यानं?"

"न्हाय, शेट."

"मग पास."

त्यानंतर आईनं इनासला जेवायला वाढलं. तो ख्रिस्ती, म्हणून त्याचं पान सोप्यात मांडलं, आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून आप्पांनी मधलं दार उघडं ठेवलं. इनास पितळी बटणं लावूनच जमिनीवर बसला आणि हातानं पोटभर जेवला. या मांडणीत त्याला काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही, आम्हालाही वाटलं नाही. सोप्यातून त्याची ढेकर आत ऐकू आली तेव्हा आई समाधानानं हसली.

अण्णा गेला. आई रोज सकाळी देवापुढं हात जोडून, बिनकाठाच्या त्या कपड्याचं नाव न घेता, काहीतरी पुटपुटायची. काही वर्षांनी तो धडधाकट परत आला आणि सोबत लाल रंगाची विद्या घेऊन आला. आल्या दिवशी आप्पांनी त्याला जहाजाविषयी एकच प्रश्न विचारला : "दारात कुणी अडवलं?"

"न्हाय आप्पा. टेबलावर कुणी काय बोललं न्हाय."

आप्पांनी मान हलवली. पुढच्याच बाजाराला ते निपाणीला गेले आणि त्या पेढीवर बसून, शिंका देत-घेत, ही गोष्ट सांगून आले. मरेपर्यंत ती सांगत राहिले. गोष्टीत काठ उसवल्याचा भाग नसे.

उरलेलं अण्णानं मला आप्पा गेल्यावर सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तो सूट चढवून खोलीत तयार बसला होता. दारावर टकटक झाली आणि एका पांढऱ्या डगल्यातल्या माणसानं हसून, कमरेत वाकून सांगितलं की हिंदी प्रवाशांच्या सोयीसाठी त्यांचं जेवण वेगळ्या दालनात आणि जरा लवकर ठेवलेलं आहे, ऊन असतानाच. म्हणून त्याला कुठल्या दारात कुणी अडवण्याचा प्रश्न आला नाही. त्या दालनात त्याच वेळी जहाजावरची गोरी लहान मुलं त्यांना सांभाळणाऱ्या आयांबरोबर जेवत. अण्णा रोज तो काळा सूट घालून तिथं जायचा. आप्पांनी इतकं केलं होतं, तेव्हा न घालून कसं चालेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी एका चिमुरडीनं त्याला विचारलं, तुम्ही जादूगार का? पुढं पोचेपर्यंत पोरं त्याच्या बाहीतून काहीतरी निघायची वाट बघत होती.

त्या पंगतीला पोशाखाचा एकच नियम होता, लाळेरं बांधण्याचा, आणि तो मोठ्यांना लागू नव्हता.